पाव गुणाची किंमत

मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत हल्ली कवितेपेक्षा क्लॅटची चर्चा जास्त चालते, अशी तक्रार संपादकांनी माझ्याकडे केली आणि शिक्षा म्हणून हा लेखही माझ्याकडेच मागितला. मी याच कॉलेजची, याच मंडळाची जुनी सभासद. बेळगावच्या कोर्टात वकिली करते आणि शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, ज्यांना कायद्याकडे जायचं आहे अशा मुलामुलींबरोबर बसते. तिथे अभ्यासापेक्षा जास्त प्रश्न आकड्यांबद्दल येतात. किती मार्क म्हणजे चांगले? पर्सेंटाइल म्हणजे काय? अमुक रँकला तमुक कॉलेज मिळेल काय? उत्तरं तोंडी देऊन देऊन घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी थोडा इतिहास, थोडक्यात. बंगळूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘लॉ स्कूल’ म्हणतात ते, १९८७ साली स्थापन झालं. बारावीनंतर पाच वर्षांचा कायदा ही कल्पना तिथून रुजली. मग हैदराबाद, भोपाळ, कोलकाता अशी विद्यापीठं वाढत गेली आणि प्रत्येकाची प्रवेश परीक्षा वेगळी. फॉर्म वेगळा, फी वेगळी, परीक्षेचं गाव वेगळं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून २००८ मध्ये सात विद्यापीठांची मिळून पहिली सामायिक परीक्षा झाली. तीच क्लॅट. आज तिच्यात पंचवीसच्या आसपास विद्यापीठं आहेत आणि २०१७ साली स्थापन झालेला विद्यापीठांचा कन्सोर्टियम ती घेतो. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र पहिल्यापासून वेगळं राहिलं. त्यांची आयलेट नावाची परीक्षा स्वतंत्र आहे.

सध्याचा क्लॅटचा पेपर १२० प्रश्नांचा, दोन तासांचा. २०२४ च्या प्रवेशापासून ही संख्या आली. त्याआधी १५०, आणि २०२० च्या आधी २०० प्रश्न असत. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्याला वजा पाव. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कबुद्धी आणि गणित असे पाच भाग. गणिताचा भाग सर्वांत लहान, दहा ते चौदा प्रश्नांचा. कायदा आणि चालू घडामोडी हे दोन सर्वांत मोठे, प्रत्येकी अठ्ठावीस ते बत्तीस प्रश्न. कायद्याचे प्रश्न म्हणजे कलमं पाठ करायची नाहीत. उताऱ्यात नियम दिलेला असतो, तो घटनेला लावायचा असतो. पेपर कागदावर, सगळ्या देशात एकाच दिवशी, एकाच वेळी. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. खानापूर तालुक्यातून येणारी, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी मागच्या महिन्यात सराव पेपर सोडवून आली. म्हणाली, “ताई, ऐंशी मार्क पडले. चांगलेच की?” मी म्हटलं, “बाकीच्यांना किती पडले?” ती माझ्याकडे बघतच राहिली. शाळेत आपल्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही. दहावीला ऐंशी टक्के म्हणजे ऐंशी टक्के. शेजारच्या पोराला किती पडले यावर आपले टक्के कमीजास्त होत नाहीत. प्रवेश परीक्षेत मात्र गुण हे फक्त रांग लावण्याचं साधन आहे. क्लॅटला ‘पास’ असं काही नसतं. सोप्या पेपरच्या वर्षी नव्वद गुणांना जी जागा हुकते, तीच अवघड पेपरच्या वर्षी ऐंशीला मिळते. म्हणून मागच्या वर्षीचे गुण आणि या वर्षीचे गुण शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं व्यर्थ आहे. तुलना करायचीच तर रँकची करावी, आणि तीही सांभाळून.

या रांगेत गर्दी किती, याचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला होता. १२० प्रश्न, सगळे बरोबर तर १२०. सगळे चूक तर वजा ३०. पाव-पाव गुणाच्या पायऱ्यांनी मोजलं तर वजा ३० पासून १२० पर्यंत एकूण ६०१ पायऱ्या होतात. परीक्षेला बसणारे पन्नास हजारांहून जास्त. पन्नास हजार माणसं ६०१ पायऱ्यांवर सारखी उभी केली तरी एका पायरीवर त्र्याऐंशी जण येतात. पण ती सारखी उभी नसतात. सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली विरळ, मधे दाटी. अनगोळच्या यात्रेसारखी: कडेला मोकळं, देवळापुढे पाय ठेवायला जागा नाही. मधल्या भागात एका गुणाचा फरक म्हणजे शेकड्यांनी माणसं पुढेमागे. वरच्या टोकाला तोच एक गुण दहा-वीस जणांचा असतो, पण तिथे दहा-वीस जणांवरच कॉलेज बदलतं. म्हणजे दोन्हीकडे तो महागच.

एकाच पायरीवरच्या लोकांची रांग कशी लावायची? क्लॅटचा नियम असा: आधी कायदेविषयक तर्काच्या भागात ज्याला जास्त गुण तो वर. तिथेही बरोबरी झाली तर ज्याचं वय जास्त तो वर. तेही सारखं निघालं तर संगणकावर चिठ्ठी. वयाचा नियम ऐकून आमच्या खोलीत हशा पिकला, कारण आपल्या भागात निम्म्या लोकांच्या आजोबांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेने १ जूनला असतो. पण पहिला नियम हसण्यावारी नेऊ नका. समजा एकाने शंभर प्रश्न सोडवले, त्यातले ८० बरोबर, २० चूक: ८० वजा ५, म्हणजे ७५. दुसरीने ८५ च सोडवले, ७७ बरोबर, ८ चूक: ७७ वजा २, तिचेही ७५. दोघं एकाच पायरीवर. आता कायद्याच्या भागात कुणाचे जास्त, एवढ्यावर कदाचित वीस-पंचवीस जागांचा फरक पडेल. कायद्याच्या भागाला वेळ कमी पडू देऊ नका, हे मी वारंवार सांगते ते यासाठी.

याच उदाहरणातून दुसरा प्रश्न निघतो: येत नसलेला प्रश्न सोडावा की ठोकून द्यावं? चार पर्याय आहेत. डोळे मिटून एक निवडला तर चारात एकदा बरोबर, तीनदा चूक. चार प्रश्नांमागे मिळतो एक गुण, जातात पाऊण. म्हणजे सरासरीने तोटा नाही, किंचित फायदाच आहे, प्रश्नामागे एक सोळांश गुणाचा. एक पर्याय नक्की चूक हे कळलं तर हा फायदा प्रश्नामागे एक षष्ठांश होतो; दोन पर्याय गळाले तर पाऊण गुणाचा निम्मा. मग सगळेच ठोकावेत का? सरासरी ही पुष्कळ प्रश्नांची असते आणि तुम्ही परीक्षा एकदाच देता. पाच प्रश्न अंधारात ठोकले तर चौघांतल्या जवळजवळ एकाचे पाचही चुकतात आणि सव्वा गुण जातो. माझं मत असं की एक तरी पर्याय कारणासह खोडता आला तर उत्तर द्यावं, नाहीतर पुढे जावं. कारण अंधारातल्या प्रश्नावर गेलेला वेळ हा पाव गुणापेक्षा महाग पडतो. वर्गातले काहीजण याबाबत माझ्याशी अजूनही भांडतात. भांडोत बिचारे, आकडेमोड तरी करतात.

पाव गुणाची किंमत काय असते ते सबंध देशाने २०२५ च्या प्रवेशात पाहिलं. १ डिसेंबर २०२४ ला परीक्षा झाली. कन्सोर्टियमने दिलेल्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायची तर प्रत्येक हरकतीला हजार रुपये. काही परीक्षार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबरला एकल न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांबाबत निर्णय दिला: एकाचं ‘बरोबर’ उत्तर बदललं आणि एक प्रश्न मोजणीतूनच काढायला सांगितला. पुढे निरनिराळ्या राज्यांतल्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला एकत्र केली, एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाचा निकाल आला, आणि मे महिन्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून यादी सुधारायला सांगितलं. प्रश्न काढण्यातल्या निष्काळजीपणाबद्दल नाराजीही व्यक्त केली. डिसेंबरची परीक्षा, आणि रँक पक्की व्हायला मे उजाडला.

दोन प्रश्नांसाठी एवढं? बघा हिशोब. उत्तरसूचीतलं उत्तर बदललं की ज्याने जुनं उत्तर दिलं होतं त्याचा मिळालेला एक गुण जातो आणि वर पाव कापला जातो, म्हणजे सव्वा गुणाने तो खाली येतो. ज्याने नवं उत्तर दिलं होतं तो सव्वा गुणाने वर जातो. या दोघांमधलं अंतर एका फटक्यात अडीच गुणांनी बदलतं, म्हणजे दहा पायऱ्या. प्रश्न रद्द झाला तर हिशोब वेगळा: बरोबर लिहिणाऱ्याचा एक गुण जातो, चुकीचं लिहिणाऱ्याला कापलेला पाव परत मिळतो, सोडून देणाऱ्याचं काहीच होत नाही. म्हणजे ज्याने प्रश्न नीट वाचून वेळ घातला त्याचं नुकसान आणि ज्याने हात लावला नाही तो जिथल्या तिथे. यात न्याय काय आणि अन्याय काय, यावर आमच्या खोलीत दोन शनिवार वाद झाला. माझ्या मते चुकीचा प्रश्न रद्द करण्यावाचून इलाज नसतो. पण प्रश्न चुकीचा आहे हे सिद्ध करायला हजार रुपये आणि मग वकील लागावा, हे काही बरं नाही.

याच्या आधी २०१८ मध्ये परीक्षा संगणकावर होती. कित्येक केंद्रांवर यंत्रं बंद पडली, वीज गेली, मुलांचा वेळ वाया गेला. तेव्हाही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि वाया गेलेल्या वेळेच्या प्रमाणात, त्या मुलाने उरलेल्या वेळेत किती वेगाने आणि किती अचूक उत्तरं दिली हे बघून, भरपाईचे गुण द्यायचं सूत्र ठरलं. गुण ही परीक्षार्थीच्या बुद्धीची थेट मोजणी नसून एका व्यवस्थेने केलेला हिशोब आहे, हे समजण्यासाठी या दोन प्रकरणांसारखं दुसरं पाठ्यपुस्तक नाही.

आता पर्सेंटाइल. बेळगावात एका क्लासच्या जाहिरातीत ‘क्लॅटमध्ये ९८ पर्सेंटाइलची हमी’ असं वाचल्याचं दोघातिघांनी सांगितलं. ऐकायला भारदस्त वाटतं. पन्नास हजार मुलं बसली असतील तर ९८ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे दोन टक्के, म्हणजे एक हजार मुलं. बंगळूरला खुल्या प्रवर्गातली यादी साधारण शंभराच्या आगेमागे संपते. हमी खरी ठरली तरी नऊशे माणसांनी गाडी चुकली! बरं, क्लॅटच्या प्रवेशात पर्सेंटाइलवर काहीच ठरत नाही. तिथे रँक चालते. फी भरण्याआधी घरच्यांना एवढं एक गणित करून दाखवा.

मग पर्सेंटाइल लागतो कुठे? जिथे परीक्षा अनेक सत्रांत होते तिथे. सकाळच्या सत्राला एक पेपर, दुपारच्या सत्राला दुसरा. दुपारचा अवघड निघाला तर दुपारच्या मुलांनी काय पाप केलं? म्हणून कच्चे गुण सोडून देतात आणि त्या-त्या सत्रात तुमच्या बरोबरीचे वा तुमच्याहून कमी गुणांचे किती टक्के परीक्षार्थी आहेत ते मोजतात. सत्रात दहा हजार मुलं बसली आणि त्यातल्या ९,२०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी असले, तर तुमचा पर्सेंटाइल ९२. तुम्हाला कच्चे गुण साठ असोत की नव्वद. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला आणि महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीला हेच सूत्र असतं. यात एक गृहीत धरलेलं आहे: दोन्ही सत्रांतली मुलं सरासरीने सारख्याच ताकदीची आहेत. हजारोंच्या गर्दीत ते बहुधा खरं निघतं. क्लॅट एकाच सत्रात होते, म्हणून तिथे ही भानगड नाही. एकाच वेळच्या पेपरचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो हा.

महाराष्ट्राची कायद्याची सीईटी राज्य सीईटी कक्ष घेतो. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही; क्लॅटची सवय घेऊन जाल तर उगाच गुण सांडाल. आणि आपल्या मंडळाच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे ती मराठीतूनही देता येते. क्लॅट फक्त इंग्रजीत आहे. क्लॅट भारतीय भाषांतूनही व्हावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती, पण पेपर आजही इंग्रजीतच येतो.

परदेशाची ओढ असलेल्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेत कायदा पदवीनंतर शिकतात आणि त्यासाठी एलसॅट देतात. तिचा गुणांक १२० ते १८० च्या पट्टीवर असतो. वर्षातून अनेकदा परीक्षा होते, आणि पेपर किंचित सोपा-अवघड झाला तरी ऑगस्टमधले १६५ आणि जानेवारीतले १६५ सारखे राहावेत अशी जुळवणी आधीच केलेली असते. पण तिथे गुणांकावर थेट रांग लागत नाही. पदवीचे गुण, निबंध, शिफारसपत्रं सगळं बघतात. तरीही प्रत्येक लॉ स्कूल आपल्याकडे प्रवेश घेतलेल्यांचा मध्यांक जाहीर करतं आणि तो घसरू नये म्हणून जपतं, कारण त्यावर क्रमवारीत त्यांचा नंबर ठरतो. मध्यांक १७० असलेल्या ठिकाणी १६९ आणि १७१ यांत बुद्धीचा फरक नाही म्हटलं तरी चालेल. कॉलेजच्या सोयीचा फरक मात्र मोठा आहे. म्हणजे आकड्याची पूजा तिकडेही चुकलेली नाही, फक्त देवघर वेगळं.

आता रँकपासून जागेपर्यंतचा रस्ता. इथे सीमाभागातल्या आपल्या मुलांनी कान देऊन ऐकायला हवं. क्लॅटनंतर तुम्हाला एक अखिल भारतीय रँक मिळते, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, आर्थिक दुर्बल, दिव्यांग अशा प्रवर्गात असाल तर प्रवर्गातली रँकही. त्याशिवाय बहुतेक विद्यापीठांत त्या-त्या राज्याच्या मुलांसाठी वाटा असतो. हा वाटा कुठे किती, आणि ‘राज्याचा मुलगा’ कुणाला म्हणायचं, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं.

बंगळूरचंच घ्या. २०२० साली कर्नाटक विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून तिथल्या पंचवीस टक्के जागा राज्यातल्या मुलांना ठेवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. पुढच्या वर्षी विद्यापीठाने स्वतःच्या योजनेत ‘कर्नाटकातले विद्यार्थी’ असा पंचवीस टक्क्यांचा आडवा वाटा आणला. आडवा म्हणजे खुल्या, मागास, अनुसूचित अशा प्रत्येक उभ्या प्रवर्गाच्या आतून जाणारा. आणि कर्नाटकातला विद्यार्थी कोण? ज्याने कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत किमान दहा वर्षं शिक्षण घेतलं तो. मातृभाषा विचारलेली नाही. शाळेचं माध्यम विचारलेलं नाही. खानापुरातल्या सरकारी मराठी शाळेत पहिली ते सातवी आणि मग हायस्कूल, पीयूसी इथेच केलेली आमची ती मुलगी या व्याख्येत नीट बसते. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना वाटत होतं, आपण मराठी, आपल्याला कर्नाटकाच्या कोट्यात कोण धरणार? त्यांनी तिला त्या रकान्यासमोर ‘नाही’ लिहायला सांगितलं होतं. सर्वसाधारण यादीत जिथे तिचा निभाव लागणार नाही, तिथे या यादीत लागू शकतो. फरक फक्त एका रकान्याचा आणि शाळांच्या दाखल्यांचा. तेव्हा प्राथमिक शाळेपासूनचे अभ्यासाचे दाखले आत्ताच गोळा करा. मुख्याध्यापकांच्या सह्या जून महिन्यात मिळत नसतात. अकरावी-बारावीला चंदगड किंवा कोल्हापूरला गेलेल्यांनीही वर्षं मोजावीत. पहिली ते दहावी इथे झाली असेल तर दहा भरतात. ज्या वर्षी फॉर्म भराल त्या वर्षीची नियमपुस्तिका समोर ठेवूनच मोजा.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथे राज्याचा वाटा मोठा आहे, पण तो महाराष्ट्राच्या अधिवासावर. बेळगावच्या पत्त्यावर तो मिळत नाही. तिथे आपण अखिल भारतीय यादीतच. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश-नियमांत, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. ती वाचून ‘आपल्याला महाराष्ट्रात सगळीकडे सवलत आहे’ असं समजणारे पुष्कळ भेटतात. एका परीक्षेचा नियम दुसरीला लावू नका. अधिवासाचे दोन्हीकडचे फायदे आपल्याला हवे असतात हे खरं, पण अर्जावर आपण एकाच ठिकाणी राहतो.

समुपदेशनाच्या वेळी पसंतीक्रम भरायचा असतो. त्यात एकच तत्त्व: जिथे जायला खरोखर आवडेल ते वर, कमी आवडेल ते खाली. आपल्या रँकला मिळेल-न-मिळेल असा अंदाज बांधून क्रम फिरवू नका, कारण वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. यादीत नाव आल्यावर तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत मला धरू नका. फ्लोट म्हणजे ही जागा घेतो, पण वरची पसंती मिळाली तर तिकडे जाईन. आणि मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते, मागे फिरता येत नाही. एक्झिट म्हणजे राम राम. खर्चाचाही विचार आधी करून ठेवा. परीक्षेचा फॉर्म खुल्या प्रवर्गाला चार हजार रुपयांचा, समुपदेशनाला अलीकडच्या वर्षांत तीस हजार भरावे लागले आहेत, आणि पुढे या विद्यापीठांची वर्षाची फी वसतिगृहासह साधारण दोन ते चार लाखांत जाते. मागच्या वर्षीची शेवटची रँक बघताना हेही ध्यानात असू द्या की ती कुणी ठरवलेली रेषा नसते. त्या वर्षी ज्यांनी फी बघून, अंतर बघून, आईच्या सांगण्यावरून जागा सोडली, त्या सगळ्यांच्या निर्णयांतून ती तयार झालेली असते.

पैशाचं आणि इंग्रजीचं हे कुंपण नवं नाही. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये इडिया नावाचा उपक्रम सुरू केला, तो गरीब आणि दुर्लक्षित भागांतल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्यासाठीच. क्लॅटच्या कारभारात सुधारणा व्हावी म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली होती. २०१९ मध्ये ते गेले. उपक्रम चालू आहे आणि त्यातून आलेली मुलं आज वकिली करताहेत.

शेवटी आपल्या कॉलेजच्या पदवीच्या मुलांसाठी, कारण या अंकाचे निम्मे वाचक तुम्हीच. बी. ए., बी. कॉम. झाल्यावर तीन वर्षांची एलएल. बी. करता येते. कर्नाटकात राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत त्यासाठी प्रवेश परीक्षा नाही. पदवीच्या गुणांवर प्रवेश होतो. आपलं आर. एल. लॉ कॉलेज त्यातलंच. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या याच कॉलेजात शिकले. तेव्हा ‘क्लॅट नाही तर काहीच नाही’ असं म्हणणाऱ्यांना टिळकवाडीचा रस्ता दाखवा. महाराष्ट्रात जायचं तर तीन वर्षांची वेगळी सीईटी आहे. आणि बंगळूरच्या विद्यापीठाने २०२२ पासून स्वतःची तीन वर्षांची एलएल. बी. सुरू केली, तिची परीक्षा एनएलसॅट. ती मला व्यक्तिशः फार आवडते, कारण तिचा निम्मा भाग लेखी उत्तरांचा आहे: ७५ गुण पर्यायी प्रश्नांना, ७५ लिहिण्याला. पर्यायी प्रश्नांत ठराविक क्रमांकाच्या आत आलात तरच लिहिलेलं तपासतात. म्हणजे पहिला भाग दारवानासारखा. आत गेल्यावर मुद्दा मांडता येतो की नाही ते बघतात. या मंडळात निबंध वाचून, वाद घालून, एकमेकांची वाक्यं खोडून तयार झालेल्यांना तिथे काही अगदीच परकं वाटणार नाही. इंग्रजीत लिहावं लागेल, हे खरं. पण मुद्दा आधी डोक्यात सरळ असावा लागतो, आणि तो मराठीतच सरळ झालेला असला तरी चालतो.

खानापूरच्या त्या मुलीचे सात दाखले जमले आहेत, हायस्कूलचे तीन राहिलेत. येत्या शनिवारी आम्ही मागच्या दोन वर्षांचे कायद्याच्या भागाचे प्रश्न सोडवणार आहोत, दुपारी अडीचला, नेहमीच्याच खोलीत. येताना मनगटी घड्याळ आणा. मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा आहे. आणि ज्यांना कर्नाटकाचा रकाना लागू होतो असं वाटतं, त्यांनी शाळांची नावं आणि वर्षं एका कागदावर लिहून आणा, म्हणजे दहा भरतात का ते मिळून मोजू.